गेनबांच्या विहिरीवर वाढलेली गाडी

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदीकडे निघालं की डाव्या हाताला, शेवग्याच्या झाडाखाली मकबूल मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. एरवी तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. तिथे एखाद्या गाडीच्या सीटवर डोळे मिटून मिस्त्री बसलेला दिसला, की नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं माणूस झोपलाय. जुन्या गिऱ्हाइकाला वाटायचं काम सुरू आहे. शेजारच्या खोलीत फॉल-पिकोचं मशीन चालवणारी त्याची बायको नसीम म्हणायची, दोघांचंही बरोबर आहे.

मकबूलची रीतच निराळी होती. गाडी तापायची तक्रार आली, की तो इंजिन चालू करून आत बसायचा आणि मनातल्या मनात पाणी व्हायचा. पंपाने ढकललं की इंजिनाच्या अंगाअंगातून फिरायचं, ऊब गोळा करायची. मग थर्मोस्टॅटच्या दारापाशी थांबायचं. पुरेसं तापल्याशिवाय ते दार उघडत नाही. उघडलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून खाली घसरायचं, समोरून वारा लागायचा, निवायचं, पुन्हा पंपाकडे. या हमरस्त्यावरून एक गल्ली आत फुटते, बुधवार पेठेतल्या बोळासारखी अरुंद. ती हीटरची. तिथलं पाणी माणसांच्या पायांना ऊब देऊन परत येतं. ही गल्ली मकबूलला फार आवडायची. वाट जिथे अडेल तिथे तो डोळे उघडायचा आणि पाना उचलायचा. कधीकधी वाट अडायची नाही, तेव्हा तो खरोखरच झोपायचा.

जानेवारीत धानोरीच्या हिंदुरावांनी आपली जुनी ॲम्बेसेडर आणली. ही गाडी त्यांच्या वडिलांनी, गेनबांनी, जमिनीचा पहिला तुकडा विकल्यावर घेतलेली, हीटरसकट. धानोरीत हीटर कशाला, असं कुणी विचारलं की गेनबा सांगायचे, "हाय म्हणून हाय." गेनबा गेले, जमीन तुकड्यातुकड्याने गेली, गाडी राहिली.

"हीटर लावला की गार वारा येतो," हिंदुराव म्हणाले, "आणि चढाला काटा वर जातो."

"म्हणजे आत ताप आणि हातपाय गार," मकबूल म्हणाला.

"मग आधी रक्त तपासा," नसीम मशीनवरून म्हणाली.

हिंदुराव हसले नाहीत. त्यांच्या आईची, सरुबाईंची, थोरली बहीण तुळजाबाई पाचगणीला अंथरुणाला खिळली होती. अन्न सुटत चाललं होतं आणि तोंडात एकच, सरूला आणा. इकडे सरुबाईंची छाती अशी की थंड वारा लागला की खोकला बसायचा तो बसायचाच. मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. पुतण्याची नवी गाडी दारात होती, पण तिच्या वासानेच म्हातारीला कात्रजच्या आत मळमळायचं.

"रविवारी निघायचं ठरवलंय. हीटर चालला तर. नाहीतर आईला सांगणार, फोनवर बोल."

"तेही चालेल की."

"मावशीला ऐकू येत नाही," हिंदुराव म्हणाले.

मकबूल सीटवर बसला, डोळे मिटले, पाणी झाला. थर्मोस्टॅटच्या दाराशी त्याला संशय आला: दार अर्धवटच उघडत असावं, म्हणून पाणी धड फिरतच नसावं. नवं बसवलं. हीटर गारच. मग वाटलं, आत हवा अडकलीय. त्याने गाडी चढावर नाक वर करून उभी केली, रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं, इंजिन चालू केलं आणि वर येणारे बुडबुडे बघत बसला. एकेक बुडबुडा फुगायचा, त्यात शेवग्याच्या फांद्या वाकड्या दिसायच्या, फुटायचा. नसीमने चहा आणून ठेवला, निवला, परत नेला. बुडबुडे संपले. हीटर गारच.

"एवढं स्वप्न बघून काय मिळालं?" नसीमने विचारलं.

"चहा नाही मिळाला."

शेवटी त्याने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. हीटरकडे जाणारा नळ आणि तिथून परत येणारा नळ, दोन्हींवर हात ठेवले. जाणारा चटका देत होता. येणारा माठासारखा गार. मधली तोटी उघडी होती. म्हणजे पाणी गल्लीत शिरत होतं आणि परतत नव्हतं.

त्याने दोन्ही नळ सोडवले आणि उलट्या बाजूने पाण्याची पिचकारी लावली. आधी काहीच नाही. मग घरघर झाली आणि बादलीत पांढरे-पिवळट पापुद्रे पडायला लागले.

नसीमने वाकून बघितलं. "हा तर बंबातला खडक. गाडीत कुणी आंघोळीचं पाणी तापवलंय का?"

मकबूलने हिंदुरावांना विचारलं, "गाडीत पाणी कुठलं घालता? मी तर दरवेळी कूलंट भरून देतो."

हिंदुराव शेवग्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "झाकण जुनंय, पाणी कमी होतं. डिकीत कॅन असतो. आई भरते. स्वतःच्या हाताने. नळाचं घालू देत नाही. म्हणते, खडकवासल्याचं पाणी, किती दारं हिंडून आलेलं."

"मग कुठलं?"

"विहिरीचं."

गेनबांनी तरुणपणी स्वतः खणलेली ती विहीर आता एका इमारतीच्या पार्किंगमध्ये होती. वर लोखंडी जाळी, दोन्ही बाजूंना स्कूटर. एवढ्या रानातून सरुबाईंच्या हाती तेवढंच उरलं होतं. कुठल्याही प्रवासाआधी त्या तिचं पाणी काढत आणि गाडीला पाजत. बैलाला पाजत तसं, पुढ्यात उभं राहून. कूलंट कधीच पातळ होऊन गेलं होतं आणि त्या जड पाण्याचा क्षार गाडीच्या शिरांमध्ये बसला होता.

"झाकण नवं बसवतो, सगळं धुऊन भरतो," मकबूल म्हणाला, "पण पुन्हा तेच घातलं तर पुन्हा हेच. तुम्ही आईंना सांगा."

"मी? सोसायटीवाले विहीर बुजवा म्हणून मागे लागलेत. मी पाण्याला नाव ठेवलं, की आई म्हणेल पोरगा त्यांना फितूर झाला. तुम्हीच सांगा. आणि रविवारी बरोबर चला. घाटात काही झालं तर कोण आहे मला?"

आता मकबूलला झोप येईना, दिवसाही. सरूकाकूंना तो लहानपणापासून ओळखत होता. कुणाच्या विहिरीला खारी म्हणायचं म्हणजे मेलेल्या माणसाच्या कष्टाला नाव ठेवल्यासारखं. तो वाक्यं जुळवायला लागला: पाणी उत्तमच, पण इंजिनाची प्रकृती नाजूक...

"आडून सांगू नका," नसीम म्हणाली. "काकूंना आडून बोललेलं लगेच कळतं, आणि आवडत नाही."

रविवारी धुकं होतं. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी, मकबूल बॉनेटपाशी. सरुबाई शाल, कानटोपी, त्यावर पदर अशा बेताने आल्या. हातात भरलेला कॅन.

"उघड रं झाकण, मकबूल."

मकबूलने बॉनेटवर हात ठेवला. "काकू, गाडीत पाणी भरलंय."

"त्ये तुझं. माझं ऱ्हायलंय."

"काकू, तुमच्या विहिरीत जमिनीचा कस उतरलाय. पिकाला तो मानवतो. इंजिन म्हणजे..."

"गोड बोलू नगंस. चालंल का न्हाय?"

हिंदुराव आरसा पुसत होते. तो अगोदरच स्वच्छ होता.

"नाही चालणार," मकबूल म्हणाला. "ह्या पाण्यानेच हीटर बंद पडला. पुन्हा घातलंत तर घाटातसुद्धा पडेल, आणि तुम्हाला मधूनच परत आणावं लागेल."

सरुबाई जाळीपाशी गेल्या, खाली बघितलं. धुक्यात विहिरीचं पाणी दिसत नव्हतं, नुसता ओला वास येत होता. मकबूलला वाटलं, आता म्हणतील, न्यायची न्हाय मला ही गाडी. त्या परत आल्या त्या कॅन घेऊनच, आणि मागच्या सीटवर बसल्या.

"मी न्हाय घालत," त्या म्हणाल्या. "पर ह्यो माझ्याजवळच ऱ्हाईल. तुळजाक्कानं ह्याच पाण्यावर माझी दोन बाळंतपणं काढल्यात. आता तिला अन्न जात न्हाय, पाणी तरी जाईल."

वाई मागे टाकून पसरणीचा घाट लागला तेव्हा धुकं खाली दरीत राहिलं होतं. पायांशी ऊब येत होती. मकबूलने डोळे मिटले. या वेळी तो गल्लीतून सरळ, न अडता वाहत गेला. काटा मधोमध उभा.

"उकडतंय. बंद कर," सरुबाई म्हणाल्या.

"काकू, चढाला हीटर चालू असला की इंजिनाची उष्णता बाहेर पडते. वर पोचेपर्यंत असू द्या."

"म्हंजी गाडीचा ताप मी सोसायचा," त्या म्हणाल्या, आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली. खोकल्या मात्र एकदाही नाहीत.

पाचगणीला तुळजाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या, चादरीखाली असून नसल्यासारख्या. सरुबाई त्यांच्या उशाशी बसल्या. बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग कॅन उघडला, वाटीत पाणी घेतलं आणि चमच्याने ओठाला लावलं.

तुळजाबाईंनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. जिभेवर घोळवला. डोळे उघडून सरुबाईंकडे नीट बघितलं.

"अजून तसंच जड हाय गं," त्या म्हणाल्या. "डाळ शिजत नव्हती मेली ह्याच्यात."

दारात उभ्या असलेल्या हिंदुरावांनी मकबूलकडे बघितलं. मकबूल भिंतीकडे बघत होता.

सरुबाईंनी वाटी पुन्हा भरली आणि बहिणीच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "शिजायची. उशिरा शिजायची."