दोन बोटांचं जाळं

आमच्या दादूसला मागच्या महिन्यात बाळकुमच्या एका सोसायटीत भाषणाला बोलावलेलं. विषय काय, तर खाडीतले मासे पुढच्या पिढीसाठी कसे राखायचे. ऐकून मी हसलेच. नाकाने कांदे सोलायला याच्याहून लायक माणूस अख्ख्या कोळीवाड्यात मिळाला नसता. तरी गेले. सख्खा भाऊ पडला ना!

ज्यांचं सांडपाणी खाडीत जातं तीच मंडळी एसीत माना डोलवत बसलेली. दादूसने स्टेजवर दोन बोटं वर केली आणि आमच्या बापसाची गोष्ट सांगायला घेतली. नवं जाळं आलं की बापूस त्याच्या भोकात दोन बोटं घालून बघायचा. बोटं गेली नाहीत तर जाळं होडीत चढायचं नाही. पिल्लं सुटली पाहिजेत. गोष्ट खरी आहे. पुढचं मात्र याने गिळलं.

याच शहाण्याने एकदा कल्याणहून बारीक जाळं आणलेलं. बापसाची करंगळीही आत जाईना. तो एवढंच बोलला, "ही मच्छरदानी हाय. खाटंवर बांध." दादूसने ती खाडीतच टाकून मासे धरायला घेतले. रोज टोपली भरून बोय माशाची पिल्लं यायची, बोटाएवढी. त्या दिवसापासून बापसाने घरातला मासा तोंडात घातला नाही. कोळ्याच्या घरात डाळभात खाऊन राहिला. अशा माणसाच्या नावावर हा टाळ्या घेत होता. किळस आली मला.

मग कोणीतरी माझ्या हातात माइक दिला, ताईंनीही वडिलांची आठवण सांगावी म्हणून. दादूस माझ्याकडे बघेना. आज याचं पितळ उघडं पाडायचंच म्हणून मी उठले आणि ती टोपली आठवली. कल्याणच्या बाजारात त्या पिल्लांचे वाटे लावून कोण बसायचं? मीच. भज्यांना बेस, काटा लागत नाही, असं ओरडून विकायचे मेली. बापूस माझ्या हातची भाकर घ्यायचा, पण वर बघायचा नाही.

"जाळं याचं होतं," मी म्हटलं. "टोपली माझी होती. बापूस मरेपर्यंत आम्हा दोघांशी धड बोलला नाही."

दादूसने अजून वर धरलेली दोन बोटं खाली घेतली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तेवढं विचारलं, आपल्या खाडीची बोय आता कुठे मिळेल हो?

"नाही मिळणार," मी म्हटलं. "पिल्लं होती तेव्हाच खाल्ली आपण."