ताईचे चार दिवस

आमच्या कोपरीच्या चाळीत कुणाच्या घरी कोण बाजूला बसलंय, हे गॅलरीतल्या चटईवरून सगळ्यांना कळायचं. ताई सतरा वर्षांची झाली तरी आमच्याकडची चटई माझ्यासाठीच पडायची, आणि मी तिच्यापेक्षा लहान.

आई-बाबा तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हर्नियाचं छोटं ऑपरेशन झालं, असं आम्हा दोघींना सांगितलं. त्यानंतर आमची नेहमीची कोळीण दारात टोपली उतरवून आईला म्हणाली, "देवीनं सोतासाठी राखलीय तिला, बाय. रडतेस कशाला?" ती मायेनेच बोलली होती. पण गॅलरीत शेजारणी उभ्या होत्या आणि आईचं धाबं दणाणलं.

पुढच्या महिन्यात आईने ताईसाठी चटई टाकली. "काही नसलं तरी बसायचं. कावळा शिवला म्हणून सांगायचं." मग दर महिन्याला चार दिवस वेगळं ताट, वेगळा तांब्या. एकदा गौरी आल्या तेव्हाही ताई बाहेरच. मला आईचा इतका संताप आला की मी जेवले नाही. आई म्हणाली, "लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?" ताईला स्थळं आली, ती पत्रिका जुळत नाही म्हणून आईनेच परत पाठवली. ताई कधी चिडली नाही. हळूहळू तारखा ती स्वतःच पाळू लागली.

नव्वद सालानंतर आईने अंथरूण धरलं ते शेवटचंच. मी डोंबिवलीहून, सासरहून आले होते. संध्याकाळी आईने पाणी मागितलं, तेही ताईच्या हातचं. ताई उंबऱ्याबाहेर चटईवर होती.

"आई, मी बाजूला आहे ना."

आईला रडू फुटलं. "नाहीस गं. कधीच नव्हतीस."

मग बाबांनी, भिंतीकडे बघत, डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं. जन्मतःच गर्भाशय नाही. ऑपरेशनमध्ये काढल्या त्या ग्रंथी पुरुषांत असतात तशा. काहींची घडण अशी असते. मुलगी आहे, मुलगीच राहील. तिला सगळं सांगा, असंही डॉक्टर म्हणाले होते.

ताई उठली. देवघराला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून आत आली. आईचं डोकं मांडीवर घेऊन तिने चमच्याने पाणी पाजलं.

"मला वाटायचं, मीच काहीतरी पाप केलंय," ती म्हणाली.

आईच्या तोंडातलं पाणी ओठांवरून ताईच्या साडीवर ओघळलं. तिने ऐकलं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.