आपल्या गोळ्या आपल्या हाताने

वृद्धाश्रमात आल्या आल्या सिस्टरनी टेलरबाईंची औषधांची पिशवी ताब्यात घेतली. मोडलेल्या खुब्यापेक्षा बाईंना तेच जास्त लागलं. सासूचं, नवऱ्याचं आणि स्वतःचं औषधपाणी सांभाळून त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं होतं. आता गोळीसाठीही हात पसरायचा? त्यांनी डॉक्टरांचं डोकं खाल्लं. शेवटी डॉक्टरांनी एकेक गोळी ओळखायला लावली, कधी आणि कशासाठी घ्यायची ते विचारलं आणि परवानगी दिली. सिस्टरची एकच अट होती, ड्रॉवरला कुलूप हवंच.

पण संधिवाताने वाकलेल्या बोटांनी ती बारीक किल्ली फिरवताना जीव जायचा. हळूहळू बाईंनी कुलूप लावणंच सोडलं. कुणाला बोलल्या नाहीत.

एका दुपारी त्या व्हरांड्यातून खोलीत आल्या, तर शेजारच्या पलंगावरच्या मावशी घामाने डबडबल्या होत्या. हात थरथरत होते. मावशींना विसरण्याचा आजार. बाईंचा ड्रॉवर उघडा आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी फोडलेली. बाईंनी घंटा दाबली आणि सिस्टर धावत येताच पट्टी पुढे केली.

"ह्यातल्या खाल्ल्यात त्यांनी. कुलूप मी लावलं नव्हतं."

मावशींना लगेच साखरपाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्या हसतमुखाने परतल्या. काय झालं होतं ते त्यांच्या गावीही नव्हतं.

बाईंनी उरलेल्या सगळ्या गोळ्या आपणहून सिस्टरकडे दिल्या. मुलाने फोनवर समजूत घातली, "आई, सोड ना आता हट्ट. देतील की त्या."

"कुलपाचा कंटाळा केला, ते चुकलं माझं. ते सुधारते. हट्ट मात्र सोडणार नाही."

मग बाई आश्रमात कामाला येणाऱ्या सुताराच्या मागे लागल्या. त्याने किल्लीला लाकडाची जाडजूड मूठ बसवून दिली. बाई रिकाम्या ड्रॉवरवर सराव करत बसायच्या. खटखट ऐकून समोरच्या खोलीतले आजोबा म्हणाले, "बाई, ड्रॉवर शिवायला घेतलाय का?" बाई हसल्या, पण हात थांबवला नाही.

सिस्टरनी आधी फक्त रक्तदाबाच्या गोळ्या परत दिल्या आणि रोज कुलूप ओढून बघणार म्हणाल्या.

"ओढा. तुमच्या जागी मीही ओढलं असतं."

पुढे एकेक करून बाकीची औषधं आली. मधुमेहाच्या गोळ्या मात्र बाईंनी स्वतःच नाकारल्या. खोलीत मावशी आहेत तोवर त्या सिस्टरकडेच असू देत, असं त्यांनी सांगितलं. मावशींना दुसऱ्या खोलीत हलवायचं निघालं होतं, त्यालाही बाईंनी ठाम नकार दिला. खोली आधी मावशींची होती.