सहाच्या आकड्यावरची हळद

रेडियमअण्णा घड्याळ हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाचं तोंड निरखून बघायचे. मग पहिला प्रश्न, "ह्ये आधी कुणी उघडलंय?" कुणीच नाही म्हटलं, की भिंगातून बघत म्हणायचे, "मग ह्यो स्क्रू आपला आपनच वरबाडला व्हय?" माणूस मैंदर्गीचा, घरात कन्नड, दुकानात मराठी, संशय मात्र दोन्हीकडे सारखाच. 'विश्वास नाही का, अण्णा?' असं कुणी दुखावून विचारलं, की उत्तर ठरलेलं, "इश्वास हाय की. पर डोळंबी हायतच की."

गावही त्यांच्यावर तेवढाच संशय घ्यायचं. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या रंगाला आमच्याकडे सरसकट रेडियम म्हणतात. जुनं झालं की ते तपकिरी पडतं, विझतं. इतर कारागीर ते खरवडून नवं हिरवं भरून द्यायचे. अण्णा काही केल्या हात लावायचे नाहीत. झालं, नव्या पेठेत आवई उठली, अण्णा रेडियम काढून विकतात! तेव्हापासून त्यांनी एक काळं फडकं ठेवलं होतं. घड्याळ ठेवून घेताना गिऱ्हाइकाचं डोकं घड्याळासकट त्या फडक्याखाली घालून विचारायचे, "चमकतंय? न्हाय की. मग उद्या माज्या नावानं शिमगा करायचा न्हाय."

माझे वडील, आप्पा, गेल्यापासून त्यांचं घड्याळ बंद पडलेलं होतं. ते अण्णांकडे नेतो म्हटल्यावर आई फणकारली, "दे नेऊन त्या चोराला! त्यांचं म्हणून एवढंच राहिलंय घरात." मला ते चालू हवं होतं आणि होतं तसंच हवं होतं. अण्णांवर माझाही काडीचा विश्वास नव्हता. मी समोरच्या स्टुलावर ठाण मांडलं.

अण्णांनी नाकाला रुमाल बांधला. "लांब सरका. ह्या रेडियमची धूळ पोटात जाया नको." काटे अलगद उचलले आणि एकदम माझ्याकडे रोखून बघितलं. "सहावर ह्यो पिवळा डाग कसला? कसलं औषध लावलंय? खरं बोला."

मी सांगून टाकलं. काच फुटलेली असताना खंडेनवमीला आईनं विळी-कात्रीबरोबर घड्याळालाही हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं. कुंकू उडालं, हळद मुरली.

अण्णा हसले. त्यांना हसताना मी तेवढंच एकदा बघितलं. "डायलीची पूजा! काय बाई हाय की!" मग म्हणाले, "हळद काढाय गेलं तर आकडाबी निगंल. ऱ्हाऊ दे दोनी." डायल डबीत झाकून ठेवून त्यांनी नुसतं मशीन पेट्रोलनं धुतलं, तेल दिलं.

घरी आल्यावर आईनं घड्याळ कानाला लावलंच नाही. खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. डायल बदललेली असणार, याची तिला खात्रीच होती. बराच वेळ बघून म्हणाली, "ही माझीच हळद." आणि घड्याळ छातीशी धरून रडली. दुसऱ्या दिवशी अण्णांकडे शेंगाचटणीचा डबा गेला. त्यांनी तो उघडला आणि आधी मलाच खायला लावला!

आता आई नाही, अण्णाही नाहीत. त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. परवा पट्टा बदलायला घड्याळ एका चकचकीत दुकानात नेलं. तिथला माणूस भलताच हौशी. "काका, काच उघडून हा डाग काढतो, नवं रेडियम भरतो, झकास दिसेल." मी घड्याळ हिसकावूनच घेतलं. बिचारा ओशाळला. "विश्वास नाही का, काका?"

"इश्वास हाय की," माझ्या तोंडून निघून गेलं, "पर डोळंबी हायतच की."