डिकीतला पखवाज

मी आयुष्यात एकच मोठा कट रचला, तोही सासऱ्यांना हाताशी धरून, नवऱ्याच्या विरोधात. विषय होता गाडीतला टेप.

आम्ही तेव्हा चाळ सोडून मीरा रोडच्या शांती नगरला नुकतेच राहायला आलो होतो. नवऱ्याने एक सेकंडहँड छोटी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी घरात जाहीर केलं, "पेट्रोल सोडून हिच्यावर एक पैसा खर्च होणार नाही." गाडी फक्त रविवारी निघायची. बाकीचे दिवस ती बिल्डिंगच्या आवारात उभी. कंपनीनेच बसवलेला कॅसेटचा टेप तिच्यात होता आणि पुढच्या दारांत दोन एवढेसे स्पीकर. त्यातून कोणीही गायलं तरी सर्दी झाल्यासारखं ऐकू यायचं. नवरा म्हणायचा, "वाजतंय ना? मग झालं."

सासऱ्यांचं मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या भजन मंडळात ते पखवाज वाजवायचे. मंडळाचे बुवा, म्हणजे पेटी घेऊन पुढे बसून गाणारे, हे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. एका जत्रेत दुसऱ्या गावच्या मंडळाशी डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, लागली. शेवटच्या गजरात, लय चढून मांडव रंगात आलेला असताना, आमच्या मंडळाचा ताल तुटला. समोरच्या बुवांनी भर मांडवात टिंगल केली, बारी हातची गेली. सासरे म्हणाले, बुवा धावले, ठेका सोडून पुढे पळाले. बुवा काहीच म्हणाले नाहीत. तिथे जी बोलाचाली बंद झाली ती अठरा वर्षं. गंमत म्हणजे पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले हे दोघे फिरत फिरत शेवटी एकमेकांच्या शेजारीच येऊन टेकले होते. सासरे मीरा रोडला आणि बुवा भाईंदर पूर्वेला. रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता, पण तो अजून कुणाला सापडला नव्हता.

त्या रात्रीची कॅसेट सासऱ्यांनी जपून ठेवली होती. त्यांच्या मते तो पुरावा होता. घरातला टू-इन-वन चाळीतून येताना टेम्पोतच निकालात निघाला, त्यामुळे कॅसेट वाजवणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे गाडी. रोज दुपारी जेवण झालं की सासरे चावी घेऊन खाली जायचे, काचा वर करायचे आणि पुढच्या सीटवर बसून कॅसेट ऐकायचे. वॉचमनला वाटायचं, आजोबा गाडीची राखण करतायत.

शनिवारी मला सुट्टी असायची, नवऱ्याला नसायची. अशाच एका शनिवारी मी खाली जाऊन सासऱ्यांच्या शेजारी बसले. गजर आला. बुवांचा आवाज एकदम पुढे उडी मारतो, झांजा गडबडतात, मागचे गाणारे अडखळतात.

"ऐकलंस? धावले की नाय?"

"धावले खरे. पण बाबा, यात तुम्ही कुठे आहात?"

त्यांनी दारातल्या स्पीकरला कान लावला. कॅसेटमध्ये खरोखरच पखवाज नव्हता. उजव्या हाताची बारीक टकटक तेवढी होती. डाव्या बाजूचा, कणीक लावलेल्या बाजूचा तो भरदार घुमारा नावालाही नाही.

"माझा पखवाज खाल्लान ह्या डब्याने," ते म्हणाले. मग म्हणाले, "बुवांना एकदा इथे बसवून ऐकवायचंय मला. माझा ठेका जागच्या जागी आणि ते पुढे पळतायत, हे त्यांच्या तोंडावर. डोळे मिटायच्या आधी एकदा."

सासरे डोळे मिटायची भाषा बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. मी तिथल्या तिथे गाडी सुरू केली आणि काशीमीऱ्याला घेतली.

हायवेलगतच्या गॅरेजांमध्ये एक दुकान होतं. मोडीत निघालेल्या गाड्यांचे टेप, स्पीकर, वायरी, सगळं तिथे ढिगाने. दुकानदाराने आमच्या टेपकडे दयेने पाहिलं. "मॅडम, कॅसेट अभी कौन सुनता है? निकालो इसको. एमपीथ्री लगाओ."

"कॅसेट रहेगी," मी म्हटलं. "कॅसेट के लिए ही तो आए हैं. और सस्ते में करो."

माझी भिशी नुकतीच लागली होती, पण ती फ्रीजसाठी होती. तिच्यातून नवऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही एवढंच काढता येणार होतं. तेवढ्यात दोन जुने लांबट स्पीकर आणि एक ओरखडलेला अँप्लिफायर बसला. मागच्या सीटमागच्या फळीला भोकं पाडून स्पीकर बसवायची पद्धत असते. फळीला करवत लागली असती तर नवऱ्याने आधी गाडीला आणि मग आम्हाला मिठी मारून रडायला घेतलं असतं. म्हणून ठरलं, की स्पीकरसाठी एक खोकं करायचं आणि ते डिकीत ठेवायचं.

आमच्या वरच्या मजल्यावर एकाच्या किचनचं काम चाललं होतं. सासऱ्यांनी तिथल्या सुताराला दोन दिवस चहा पाजला, गावच्या गोष्टी ऐकवल्या आणि उरलेल्या प्लायवूडचं खोकं करून घेतलं. वरून उरलेला सनमायकाही लावून घेतला, गुलाबी फुलांचा. खोक्यात कापूस भरला की आवाज भरीव येतो, असं दुकानदार म्हणाला होता. नवऱ्याची लग्नाआधीपासूनची एक कळकट उशी होती, जी तो मला टाकू देत नव्हता. तिचं मी सोनं केलं.

खोकं हॉलमध्ये पडलेलं असताना नवरा नेमका लवकर घरी आला.

"हे काय?"

सासरे पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "दानपेटी. गावच्या देवळासाठी."

नवऱ्याने खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. "हिला दोन भोकं कशाला?"

"एक नोटांना, एक नाण्यांना."

"एवढी मोठी?"

"देव नवसाला पावणारा हाय. लोक काय चिमटीने टाकतात काय?"

नवऱ्याने खोक्याला नमस्कार केला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

पुढच्या शनिवारी दुकानदाराने सगळं जोडून दिलं. आवाज मोठा झाला, स्वच्छ झाला. पखवाजाचा मात्र पत्ता नाही. दुकानदार लगेच म्हणाला, खर्जासाठी वेगळा मोठा स्पीकर, वूफर लागेल. माझा चेहरा पडला. सासरे मात्र डिकीपाशी कान लावून उभे होते. त्यांनी एका स्पीकरवर सीटची गादी दाबून धरली आणि आतून एकदम धुम असा आवाज आला. गादी काढली, आवाज गेला. पुन्हा दाबली, पुन्हा आला.

"हे दोघे एकमेकांच्या उलट वाजतायत," ते म्हणाले. "एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एकाच्या वायरी फिरव."

दुकानदाराने हसत हसत वायरी उलट्या केल्या आणि त्याचं हसू थांबलं. डिकीचं दार थरथरायला लागलं. पखवाज आला होता. पलीकडच्या गॅरेजमधला मेकॅनिक हातातलं टायर तसंच धरून बघायला आला. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली, आणि तिथूनच मला बुवांच्या घरी फोन लावायला सांगितला. बुवांच्या सुनेने उचलला. पुढच्या शनिवारी चार वाजता येतो, काही ऐकवायचंय, एवढाच निरोप दिला.

परत येताना कॅसेट पहिल्यापासून लावली; गजर येईपर्यंत आम्ही घराखाली पोचलो होतो. सासऱ्यांचे हात मांडीवर ठेका धरून चालले होते. लय चढली. आणि मांडीवरचे हात थांबले. त्यांनी मला कॅसेट मागे घ्यायला लावली. तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा तेच. आधी पखवाज सुटला, पूर्ण एक मात्रा आधी. बुवा त्याच्यानंतर पळाले.

"बंद कर," ते म्हणाले.

तो आठवडा ते गाडीकडे फिरकले नाहीत. दुपारी जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला स्वतःचाच राग येत होता. चांगला सर्दी झालेला टेप होता, कुणाचं काही बिघडत नव्हतं. शुक्रवारी मी म्हटलं, "बाबा, गाडी बिघडली म्हणून कळवते."

"वेळ सांगितलीय. जायचं."

शनिवारी ते खाली उतरायच्या आत मी डिकी उघडली आणि अँप्लिफायरचं खर्जाचं बटण पार शून्यावर आणून ठेवलं. हा माझा कटातला कट. अठरा वर्षं ताठ मानेने फिरलेला माणूस मला हरलेला बघवणार नव्हता. पखवाज गायब, पुरावा पुन्हा आपल्या बाजूने.

भाईंदरला आम्ही गाडी उभी केली तेव्हा बुवा काठी टेकत त्यांच्या बिल्डिंगखाली आले. मी त्यांना गालातल्या गालात हसणारे, जाडजूड बुवा समजत होते. आले ते वाळकेसे, गुडघे गेलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले. पाय आत घेता येईनात, म्हणून पुढच्या सीटवर पाय रस्त्यावर सोडून आडवेच बसले. सासरे उघड्या दाराशी उभे राहिले आणि मला खूण केली. मी कॅसेट लावली.

गजर आला. बुवांचा आवाज पुढे उडी मारून गेला, झांजा गडबडल्या. पखवाज नाही. बुवांनी मान खाली घातली.

"हां," ते म्हणाले. "धावलो."

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. जिंकलो होतो. सासरे गाडीला वळसा घालून मागे गेले, डिकी उघडली. आरशात मला त्यांचा वाकलेला खांदा दिसत होता. बटण फिरवून ते परत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागे घे. परत लाव."

या वेळी गाडी हादरली. गजर चढला, पखवाज सुटला आणि त्याच्यामागे बुवा.

"आधी मी गेलो, बुवा," सासरे म्हणाले.

"ठाऊक हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझ्या कानाशी वाजवत होतास तू. तू सुटलास, तुला परत आणायला वेळ नव्हता. मग पळालो तुझ्यामागे." बुवांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "बुवा चुकला तर लोक हसतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. पखवाजवाला चुकला तर पुढच्या वर्षी त्याला कोण बसवतो?"

"मग मला सांगायचंत ना."

"सांगणार होतो की. तू बोलतच नव्हतास."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. माझी लबाडी सासऱ्यांनी ओळखली होती, याची लाज वाटत होती, आणि डोळे तर केव्हाचे भरले होते. सासरे तिथेच, भर रस्त्यात खाली वाकले आणि त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

"ऊठ रे," बुवा कावरेबावरे होऊन म्हणाले. "लोक हसतील."

"हसूदेत," सासरे वाकलेलेच म्हणाले. "आता माझ्यावर हसूदेत."