प्लॅस्टरच्या माणसाचं यकृत

तिला सगळे चुळबुळी म्हणायचे. बसली तर पाय हलवणार, उभी राहिली तर हातातली कात्री नुसतीच कचकच वाजवणार. केस कापायचं दुकान होतं, तिचं नि नणंदेचं. दहा वर्षं तिनं माणसं खुर्चीत बसवली, त्यांच्या पाठीमागं उभं राहून आरशातल्या तोंडाशी गप्पा मारल्या. आणि मधेच काय डोक्यात आलं, कुणाला न विचारता कॉलेजात नाव घातलं.

विषय इतिहास. पण त्या कॉलेजचा नियमच असा, इतिहास शिका नाहीतर गाणं शिका, माणसाच्या शरीराचा एक पेपर सगळ्यांना द्यायचाच. बाकीचं सगळं सुटलं, हा एक मेला दोनदा आडवा आला. लेखी जमायचं, पण मास्तरांसमोर उभं राहून दाखवायचं म्हटलं की घोटाळा.

यंदा तर जिवाला घोर लागलेला. केस कापायला शिकवतात त्या शाळेत तिला बाई म्हणून घ्यायचं ठरलं होतं, पण पदवी पाहिजे. "या महिन्यात कागद दाखवा, नाहीतर आम्ही दुसरी बघतो," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मग काय, गिऱ्हाइकाच्या डोक्यात कंगवा नि तोंडानं घोकणं.

"वहिनी, एखाद्याचा कान उतरवशील हं," नणंद म्हणायची. "बरं सांग, फुप्फुसाचे भाग किती?"

"उजव्याचे तीन, डाव्याचे दोन. हृदय डावीकडं झुकलंय ना, त्याला जागा नको?"

"येतंय की सगळं! मग कशाला जीव टांगून घेतेस?"

"येतंय गं. तिथं गेलं की उलटं होतं."

परीक्षेच्या दिवशी बाकावर बसवेना. चारदा उठून पाणी प्याली. आत गेली तर टेबलावर तोच प्लॅस्टरचा माणूस, कमरेपासून वरचा. छाती कपाटासारखी उघडी, नि आतलं सगळं काढून ताटात ठेवलेलं.

"लावा," मास्तर म्हणाले.

तिनं यकृत उचललं. यकृत उजवीकडं, हे तिला झोपेतही येत होतं. आपल्या उजव्या हाताला ठेवलं. बसेना. दाबलं.

"अहो बाई, जोर नको, फुटेल! तुमचा उजवा नव्हे, त्याचा."

मागच्या दोन्ही खेपेला हेच ऐकलं होतं. डोक्याला कळायचं हो, हाताला कळेना. दहा वर्षं आरशात बघितलेलं. आरशात समोरच्याचा उजवा आपल्याही उजवीकडंच दिसतो. हे समोर बसलेलं ध्यान मात्र आरशातलं नव्हतं.

तिला एका जागी उभं राहवेना. यकृत हातात घेऊन टेबलाभोवती फिरायला लागली, नि फिरता फिरता त्याच्या पाठीमागं आली. आली तशी हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला.

"मान सरळ ठेवा," ती सवयीनं म्हणाली.

तिचं केस कापायचं दुकान मास्तरांना माहीत होतं, ते फिसकन हसले. तिचं लक्षच नव्हतं. खांद्यावरून वाकली नि भराभरा लावत सुटली. यकृत उजवीकडं, जठर डावीकडं, फुप्फुसं, मधे हृदय. सगळं टकाटक बसलं.

"पाठीमागून? अशी परीक्षा कुणी देत नाही."

"नियम असेल तर सांगा, सर. पण बरोबर आहे का तेवढं बघा."

त्यांनी एकेक हलवून बघितलं. मग तिला समोर उभं केलं. "आता माझं यकृत कुठं?"

ती दोन पावलं त्यांच्या मागं जायला निघाली, थबकली. डोळे मिटले. मनातल्या मनात मास्तरांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, मागं जाऊन उभी राहिली. डोळे उघडून बोट दाखवलं, नेमकं त्यांच्या उजव्या बरगड्यांखाली.

मास्तरांनी निकालाच्या कागदावर लिहून सही केली.

"पास का हो?"

"पास. खुर्चीत बसवलंत ना मला? बघूनही घेतलं असेल, केस वाढलेत ते."

"ते तर आत आल्या आल्याच बघितलं," ती म्हणाली, नि सहीची शाई वाळायच्या आत कागद घेऊन जिन्यावरून खाली पळाली.