खांद्याच्या वर दोन सामने

जगात न्याय उरला नाही असं सगळेच म्हणतात. पण तो नेमका खांद्याच्या किती वर गेल्यावर नाहीसा होतो, हे हात उचलून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे साडू निघाले. मूळचे सांगलीचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले, आता मुहर्रकला विमानतळावर इंजिनिअर आणि राहायला हमद टाउनमध्ये. बहारीनमधला मराठी माणूस एरवी क्रिकेट, पुण्यातल्या फ्लॅटचे भाव आणि विमानाची तिकिटं यांवर बोलतो. साडू रग्बी लीगवर बोलतात. तेही कोण जिंकलं यावर नाही, तर कोणाला किती सामने बाहेर बसवलं यावर. रग्बी लीग म्हणजे तेरा जणांचं रग्बी. पंधरा जणांचं वेगळं. हे जेवताना पहिल्यांदा ऐकल्यावर मी सहज म्हणालो, "म्हणजे दोन माणसं कमी, एवढंच ना?" त्यावर त्यांनी असं काही पाहिलं की मी श्रीखंड दुसऱ्यांदा मागितलं नाही. "साडूभाऊ," ते म्हणाले, "ही आपली कबड्डीच आहे. फक्त पळणाऱ्याच्या हातात चेंडू दिलाय. धरा, पाडा, काय हवं ते करा. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही."

शुक्रवारी दुपारी ऑस्ट्रेलियातले सामने लागतात, आणि आमच्याकडचं जेवण त्याच वेळेला असतं. एखाद्याचा हात दुसऱ्याच्या मानेवर गेला की साडूंचा वरणभाताचा घास वाटेतच थांबतो. त्या खेळाडूला पुढे किती शिक्षा होते याची ते आठवडाभर वाट पाहतात, आणि झाली की मला फोन करतात. "एक सामना! मागं त्या पोराला याच टॅकलला चार दिले होते. का? हा देशाकडून खेळतो म्हणून? याचा हात काय रेशमाचा आहे?" मी तिऱ्हाइतासारखा हो म्हणतो. घरातही तोच कायदा. थोरलीचा मोबाइल उशिरा आल्याबद्दल दोन दिवस काढून घेतला होता, म्हणून धाकटी पाच मिनिटं उशिरा आली तेव्हा तिचाही काढला. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो अनफेअर!" साडूंना आनंद झाला. "अपील कर," ते म्हणाले, आणि अपील ऐकून घेऊन फेटाळलं. एकदा शुभाताईवर, म्हणजे माझ्या मेव्हणीवर, विनाकारण आवाज चढवला म्हणून त्यांनी स्वतःचाच टीव्ही दोन दिवस बंद ठेवला. शुभाताई म्हणाली, बरं झालं, जरा शांतता.

असा माणूस इथल्या हौशी रग्बी संघांच्या शिस्त समितीवर जाणं अटळ होतं. समितीत तिघं: साडू, एक इंग्रज मास्तर आणि अबू खालिद नावाचे प्रेमळ बहारीनी गृहस्थ. पूर्वी चांगल्या खेळाडूला समज मिळायची आणि साध्या खेळाडूला बंदी. साडूंनी आल्या आल्या एकच नियम केला. डोक्याला हात लागला तर दोन सामने. कोण, कुठला, किती मोठा, विचारायचं नाही.

गेल्या मोसमात तो नियम विमानतळाच्या संघातल्या इरफानला लागला. इरफान दापोलीकडचा, कार्गोमध्ये क्लार्क, बहुतेक वेळा राखीव. कधी नव्हे तो मैदानात उतरला आणि उत्साहाच्या भरात समोरच्या संघातल्या, झल्लाक गावच्या एका हॉटेलात आचारी असलेल्या खेळाडूच्या कानशिलाला त्याचा हात लागला. दोन सामने गेले. उपांत्य आणि अंतिम. दुसऱ्या दिवशी तो साडूंच्या घरी आला. योगायोगाने मी तिथेच होतो.

"सर, चूक माझीच आहे," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पण अब्बा व्हिजिट व्हिसावर आलेत. त्यांनी मला खेळताना कधी बघितलंच नाही. फायनलनंतर लगेच परत जातायत. बंदी पुढच्या मोसमात भोगतो, सर."

साडूंनी त्याला बसवलं, चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. तो गेल्यावर शुभाताई स्वयंपाकघरातून एवढंच बोलली, "दगड आहात."

मग उपांत्य सामन्यात विमानतळाच्या कप्तानाने तस्साच हात मारला. हा कप्तान न्यूझीलंडचा, संघाचा सगळा भार त्याच्यावर, आणि नोकरीत तो साडूंचा साहेब. समिती बसली. मास्तर म्हणाले, फायनल आहे, समज देऊ. साडू म्हणाले, मग इरफानचं काय? त्यावर अबू खालिद यांनी हात पसरले. "खलास! दोघांनाही सोडू. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, असं राहत नाही. पोराचा बापही खूश, तुमचा साहेबही खूश."

साडूंनी मला नंतर सांगितलं की अबू खालिद यांचं गणित त्यांनाही चुकीचं वाटेना. समान न्याय तर होत होता. त्यांनी इरफानच्या सामन्याचा कागद पुन्हा उघडला. मग म्हणाले, "आणि तो आचारी? चक्कर येते म्हणून कामावर गेला नाही आठवडाभर. त्याचा बाप आला नाही बघायला, म्हणून त्याचं डोकं स्वस्त?" दोघांनाही दोन सामने. साहेबाने त्यानंतर साडूंना शुक्रवारच्या शिफ्ट लावल्या. साडूंनी तक्रार केली नाही. शुभाताईने केली, पण ती माझ्याकडे.

अंतिम सामना झल्लाकच्या बाजूच्या मैदानावर होता. साडूंनी स्वतः जाऊन अब्बांना गाडीत घेतलं. कडेला खुर्च्यांवर मी, साडू, अब्बा आणि इस्त्रीच्या शर्टातला इरफान असे बसलो. साडू कबड्डीच्या भाषेत खेळ समजावत होते आणि विमानतळाचा संघ सपाटून हरत होता. मध्येच अब्बांनी विचारलं, "आमचा पोरगा का नाय खेळत?" इरफान खाली बघू लागला. त्याने घरी काही सांगितलंच नव्हतं.

"मी बसवलाय," साडू म्हणाले.

"काय केलान त्यानं?"

"दुसऱ्याच्या डोक्याला हात मारला."

अब्बांनी मुलाकडे पाहिलं, मग साडूंकडे. "मंग बरा केलात," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, कोणाकडेच न बघता, "मी त्याला धावताना बघायला आलो व्हतो."

सामना संपला, माणसं पांगली, ऊन उतरायला लागलं. साडू उठले, कोणाकडून तरी चेंडू मागून आणला आणि इरफानच्या हातात दिला. "बंदी सामन्याला आहे. धावायला नाही. यल्ला, पळ!" इरफान त्या रिकाम्या मैदानात बूट काढून धावला. साडू, पन्नाशी उलटलेले, ऑफिसच्या पँटमध्ये, त्याच्या आडवे गेले, त्याची कंबर नियमाप्रमाणे धरली आणि तोंडावर पडले. इरफान पुढे निघून गेला. अब्बा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, आणि इरफान थांबेपर्यंत ते बसले नाहीत.

यंदा इरफान खेळतोय, आणि चांगला खेळतोय. अब्बांची तब्येत बरी नसते. त्यांचं पुन्हा येणं काही जमलेलं नाही.  हल्ली निर्णय सांगण्याआधी साडू खेळाडूला एक प्रश्न विचारतात, "घरून कोणी येणार आहे का बघायला?" उत्तर काहीही आलं तरी सामने दोनच. पण विचारतात.